उपाधी आणि साक्ष

गेल्या पावसाळ्यात एके सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन तरुण मला भेटावयास आला. फावल्या वेळात तो मराठी विकिपीडियावर काम करतो. प्राध्यापक, धर्मगुरू, ग्रंथकार यांच्यावरील नोंदी तपासणे, त्यांतील चुका दुरुस्त करणे, विधानांना आधार शोधणे हा त्याचा छंद आहे. त्यासाठी त्याला कोणी वेतन देत नाही, की त्याचे नावही कोठे छापून येत नाही. एका दिवंगत धर्मगुरूंच्या नोंदीविषयी त्याला विचारावयाचे होते. मराठीतून धर्मविषयक लेखन करणारे आणि अनेक वर्षे सेमिनरीत शिकविणारे हे फादर माझेही गुरू होते.

“फादर, त्यांनी रोमहून डॉक्टरेट घेतली असे नोंदीत लिहिले आहे. त्याला काही पुरावा मिळेल का?”

“नोंदीत आधार दिलेला नाही का?” मी विचारले.

तो जरा संकोचला. “दिला आहे. एका चर्चच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतील लेख. तो लेख तुमचाच आहे.”

प्रथम मला राग आला, हे मी प्रांजळपणे सांगतो. आपल्या गुरूंच्या विद्वत्तेचा पुरावा एका विद्यार्थ्याने मागावा हे मला रुचले नाही. तो गेल्यावर मात्र मी स्वतःला विचारले, हे मला कोणी सांगितले होते? आठवू लागलो तेव्हा उत्तर सापडेना. सगळेच त्यांना ‘डॉक्टर’ म्हणत, म्हणून मीही लिहिले. मी लिहिले म्हणून ते छापले गेले. छापले गेले म्हणून ते प्रमाण झाले. ऐकीव गोष्टीचे साक्षीत रूपांतर माझ्याच लेखणीने केले होते.

पुढे त्यांच्या नातेवाइकांकडे एका जुन्या पेटीत त्यांची कागदपत्रे मिळाली. त्यांतील लॅटिन प्रमाणपत्र ईशज्ञानातील लायसेन्शिएटचे होते. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या उच्च शिक्षणसंस्थांत तीन पदव्या असतात : बॅकॅलॉरिएट, लायसेन्शिएट आणि डॉक्टरेट. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली या शिक्षणाचे नियम नव्याने घालून दिले, तेव्हाही ही तीन पायऱ्यांची रचना कायम राहिली. ‘लायसेन्शिएट’ या शब्दाच्या मुळाशी परवानगीचा अर्थ आहे. ही पदवी मिळविणारा सेमिनरीत अध्यापन करण्यास पात्र ठरतो. ती काही लहान गोष्ट नव्हे. परंतु ती डॉक्टरेटही नव्हे.

ही गोष्ट मी धर्मग्रामातील काही वडीलधाऱ्या मंडळींना सांगितली तेव्हा एका आजींनी मला थेट प्रश्न केला. “फादर, मेलेल्या माणसाची पदवी काढून घ्यायची, हे कसले पुण्य? त्यांना डॉक्टर म्हटले म्हणून कोणाचे काय बिघडले?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोणाची निंदा केली तर त्याचे नुकसान होते, हे सर्वांना कळते. पण कोणाची खोटी स्तुती केली तर नुकसान कोणाचे होते?

आठवी आज्ञा आपल्याला खोट्या साक्षीस मनाई करते. ही आज्ञा आपण बहुधा एकाच बाजूने वाचतो. शेजाऱ्यावर खोटा आळ घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ आपल्या मनात असतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने मात्र या आज्ञेखाली चहाडी व बदनामी यांच्याबरोबरच खुशामतीचाही विचार केला आहे. संत ऑगस्टीन यांनी असत्यभाषणावर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि सद्हेतूने बोललेले असत्यही असत्यच, असे कठोर मत मांडले. या कठोरपणाची झळ त्यांनी स्वतःलाही लावून घेतली. आयुष्याच्या अखेरीस, ४२६–४२७ च्या सुमारास, त्यांनी आपले जुने ग्रंथ एकेक करून पुन्हा तपासले आणि स्वतःच्या चुका स्वतःच नोंदविल्या. बिशप असलेल्या, जगन्मान्य पंडिताने ते केले. मग एका स्मरणिकेतील चूक मान्य करण्यास मला जड का जावे?

आपल्या समाजाला उपाध्यांचे प्रेम फार. त्यात गैर काही नाही, पण उपाधी कोणी दिली याचे भान असावे. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावामागील ‘तर्कतीर्थ’ ही परीक्षा देऊन मिळविलेली पदवी होती. रमाबाईंना ‘पंडिता’ ही उपाधी १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिली. आमच्या रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांना ‘लोकमान्य’ केले ते लोकांनी, त्यांच्या बी.ए., एल्एल्.बी. या पदव्या निराळ्या. ज्ञानकोशकार केतकरांची डॉक्टरेट अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची होती, तर ‘ज्ञानकोशकार’ हे बिरुद त्यांना त्यांच्या श्रमांनी दिले. विद्यापीठ एक साक्ष देते, लोक दुसरी देतात. लोकांनी आपल्या प्रेमाची साक्ष विद्यापीठाच्या नावावर खपविली, की दोन्ही साक्षी खोट्या पडतात.

असे झाल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण विकिपीडियाच्याच इतिहासात आहे. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा. इंग्रजी विकिपीडियावर ‘एस्जे’ या टोपणनावाने एक स्वयंसेवक काम करीत असे. आपण ईशज्ञानाचे डॉक्टर असून ख्रिस्तसभेच्या कायद्यातील पदवीही आपल्याकडे आहे, आपण विद्यापीठात प्राध्यापक आहोत, असे त्याने सांगितले होते. धर्मविषयक नोंदींवर वाद झाला की तो या पदव्यांचा आधार घेई. २००६ साली ‘न्यू यॉर्कर’ या नामांकित अमेरिकी साप्ताहिकातील लेखातही त्याचा तसाच उल्लेख झाला. २००७ च्या आरंभी उघड झाले की तो चोवीस वर्षांचा तरुण होता आणि यांतील एकही पदवी त्याच्याकडे नव्हती. साप्ताहिकाला खुलासा छापावा लागला, त्याला काम सोडावे लागले. त्याने केलेल्या असंख्य दुरुस्त्यांपैकी पुष्कळशा उपयुक्त होत्या, असे त्याचे सहकारीही म्हणत. उसन्या पदवीने त्याच्या खऱ्या श्रमांवरचाही विश्वास उडविला, हा या घटनेतील दुःखाचा भाग आहे.

नोंदी तपासणे हे अश्रद्धेचे लक्षण आहे, असे कोणास वाटत असेल तर त्याने ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे पाहावे. सतराव्या शतकात येशूसंघीय धर्मगुरूंच्या एका लहानशा मंडळाने संतांची चरित्रे मूळ कागदपत्रांवरून तपासून प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेतले. त्यांना बोलांडिस्ट म्हणतात. त्यांचे पहिले खंड १६४३ साली निघाले. त्यांच्यातील पापेब्रोक यांनी, कार्मेल संघाची स्थापना एलिया संदेष्ट्याने केली या समजुतीला ऐतिहासिक आधार नाही, असे दाखविले. त्यावर एवढे वादळ उठले की १६९५ साली स्पेनच्या धर्मन्यायालयाने त्या खंडांवर बंदी घातली. आज त्या खंडांना सर्वत्र मान आहे. कार्मेल संघाचेही काही बिघडले नाही. आविलाची संत तेरेजा आणि क्रूसाचे संत योहान यांना जन्म देणाऱ्या संघाला दंतकथेच्या आधाराची गरजच नव्हती.

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आद्य पुरुषाचेच पाहा. ‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले; त्यांचे पुराण १६१६ साली छापले गेले. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅथलिक एन्सायक्लोपीडिया’च्या तिसऱ्या खंडात त्यांची नोंद ‘थॉमस स्टीफन बस्टन’ अशा नावाने आहे. विल्टशरमधील बुश्टन हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. गावाचे नावच आडनाव होऊन बसले असावे. ते ऑक्सफर्डला शिकले, असे पुष्कळ ठिकाणी ठामपणे लिहिलेले आढळते. चिकित्सक चरित्रकार मात्र ‘शिकले असावेत’ एवढेच म्हणतात. ‘शिकले’ आणि ‘शिकले असावेत’ यांत एका लहानशा क्रियापदाचे अंतर आहे, पण प्रामाणिकपणा त्या अंतरातच राहतो. ऑक्सफर्ड खरे असो वा नसो, ‘क्रिस्तपुराणा’ची एक ओवीही त्यामुळे उणी होत नाही.

आता त्या आजींच्या प्रश्नाकडे परत येतो. खोट्या स्तुतीने नुकसान कोणाचे होते? ज्यांनी खरोखर वर्षानुवर्षे खपून प्रबंध लिहिले त्यांचे तर होतेच. परंतु सर्वांत मोठे नुकसान होते ते ज्याची स्तुती केली त्याचे. हे मला त्या पेटीतील एका पत्राने शिकविले. माझ्या गुरूंनी रोमहून आपल्या बहिणीला लिहिलेले ते पत्र. डॉक्टरेटसाठी त्यांनी नाव नोंदविले होते, कामास आरंभही केला होता. इतक्यात सेमिनरीत शिकविणारा कोणी नाही म्हणून वरिष्ठांनी त्यांना परत बोलावले. दोन वर्षे मागून घेता आली असती. त्यांनी मागितली नाहीत. टिपणे तेथेच ठेवून ते बोटीत बसले. पुढे त्यांनी आम्हा शेकडो विद्यार्थ्यांना शिकविले, आणि सोडून दिलेल्या पदवीचा उल्लेख कधी केला नाही.

त्यांना ‘डॉक्टर’ म्हणून मी त्यांचा गौरव केला असे मला वाटत होते. वस्तुतः त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा त्याग मी पुसून टाकला होता. माणूस जसा होता तसा आपल्याला पुरेसा वाटत नाही, म्हणून आपण त्याला नसलेली उपाधी चिकटवितो. तो गौरव नसून एक छुपा अधिक्षेप आहे. गुरू म्हणवून घेण्याच्या हौसेविषयी प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सावध केले होते. ते शब्द मी अनेकदा प्रवचनात वाचले, पण दुसऱ्यांना उपाध्या वाटणाऱ्या माझ्यासारख्यांनाही ते लागू आहेत हे ध्यानात आले नव्हते.

नोंदी सुधारणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. दुसऱ्याची चूक सापडल्याचा आनंद मोठा फसवा असतो. सत्य असले तरी ते कारणावाचून चव्हाट्यावर आणणे हेही आठव्या आज्ञेविरुद्ध आहे. विकिपीडियानेही जिवंत व्यक्तींविषयी लिहिताना विशेष सावधगिरीचा नियम केला आहे. निराधार व हानिकारक मजकूर तत्काळ काढावा, असे तो सांगतो. माझ्या घरी आलेल्या तरुणाने तो आनंद दाखविला नाही. नोंद परस्पर बदलण्याआधी तो मला विचारावयास आला, यातच त्याची सभ्यता दिसली.

पत्र वाचून त्याचेही डोळे पाणावले. पण तो म्हणाला, “फादर, हे पत्र मला आधार म्हणून देता येणार नाही. विकिपीडियाला प्रसिद्ध झालेला, कोणालाही तपासता येईल असा पुरावा लागतो.” त्याचे म्हणणे योग्यच होते, आणि त्यातून एक मोठे कर्तव्य माझ्या लक्षात आले. पदवीधरांची नोंद कोठेतरी होतेच. दवाखान्यात जन्म घालविलेल्या धर्मभगिनी, वाडीवाडीवर चालत जाऊन मुलांना प्रार्थना शिकविणारे धर्मशिक्षक, यांच्याविषयी छापील ओळही नसते; म्हणून उद्याच्या कोशांत त्यांना जागाही नसेल. आपल्या घरांतील पेट्या उघडा. पत्रे, प्रमाणपत्रे, जुन्या स्मरणिका जपून ठेवा. वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्या, कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले हेही लिहा. संत लूकने शुभवर्तमान लिहिताना हीच काळजी घेतल्याचे आरंभीच सांगितले आहे.

माझ्या गुरूंच्या कुटुंबीयांच्या संमतीने, त्यांच्या नावानिशी दुरुस्तीचा लेख मी स्वतंत्रपणे प्रसिद्धीस दिला आहे. त्याआधी एका रविवारी मिस्सानंतर मी माझी चूक सर्वांसमोर सांगितली आणि ते पत्र वाचून दाखविले. दाराशी त्या आजी थांबल्या होत्या. “मग ते डॉक्टर नव्हते तर,” त्या म्हणाल्या. थोडे थांबून पुढे म्हणाल्या, “ते परत आले, हे आम्हाला आधी का नाही सांगितलेत?”