शंभराच्या आतल्या शाळा

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला. त्याला एक छोटीशी अनुसूची जोडलेली आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील, तर शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव या विषयांसाठी अंशकालीन निदेशक मिळतील, असं तिथे लिहिलं आहे. मुलं त्याहून कमी असतील तर काय, यावर अनुसूची गप्प आहे. पहिली ते पाचवीला तर पट कितीही असो, कलेसाठी वेगळा माणूस नाहीच.

ठाण्या-कल्याणात बसून हा आकडा वाचला तर वावगं काही वाटत नाही. याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या पुढे किंवा मुरबाडमधल्या टोकावड्याहून माळशेजच्या पायथ्याकडे गेलं की त्याचा खरा अर्थ कळतो. पाड्यावरची शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन खोल्या, दोन गुरुजी आणि चार-पाच इयत्ता. जरा मोठ्या गावातली आठवीपर्यंतची शाळा धरली, तरी वरच्या तीन वर्गांचा पट शंभरीला क्वचितच पोचतो. डोंगरात वस्ती विखुरलेली, म्हणून शाळा लहान. शाळा लहान, म्हणून कलाशिक्षक नाही. ज्यांच्या आसपास चित्रकलेचा क्लास नाही, नाट्यगृह नाही, रंगांचं दुकानही नाही, नेमकी तीच मुलं या हिशेबातून गळतात. राज्यात जिथे निदेशक नेमले गेले, तिथेही ते तुटपुंज्या मानधनावर राबले आणि काम टिकवण्यासाठी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

वेळापत्रकात मात्र कला आहे. २०१०मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तेव्हापासून कलेलाही श्रेणी मिळते, वर्णनात्मक नोंद लिहिली जाते. या नोंदींच्या तयार याद्या मिळतात. ‘चित्रात सुबक रंग भरतो’, ‘मातीपासून विविध आकार बनवते’, ‘कृतिगीत तालासुरात म्हणतो’ अशा धाटणीची वाक्यं सत्राअखेरीला हजेरीच्या क्रमाने उतरवली जातात. गुरुजींना मी दोष देत नाही. अर्ध्या फळ्यावर पहिलीची मुळाक्षरं, उरलेल्या अर्ध्यावर चौथीचा भागाकार, शिवाय पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामं. पण त्या नोंदवह्या वर जातात आणि कागदावर शहापूर-मुरबाडचं प्रत्येक मूल कला शिकलेलं असतं. अडचण दिसतच नाही, मग तिच्यावर उपाय कोण करणार?

ती उघडी पडते दहावीला. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएटला अ, ब, क श्रेणी मिळाली, तर दहावीला अनुक्रमे ७, ५ आणि ३ गुण वाढून मिळतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, एवढं सगळं कुणीतरी शेजारी बसून करून घ्यावं लागतं, अर्ज भरून घ्यावे लागतात, मुलांना परीक्षाकेंद्रावर न्यावं लागतं. चित्रकलेचा शिक्षक असेल तिथे हे होतं. लोककलेसाठीही वाढीव गुण आहेत, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र हवं. ठाकरवाडीतला जो पोरगा लहानपणापासून ढोल वाजवतो, गौरीच्या फेरात रात्र जागवतो, त्याला ते कोण देणार? त्याचा गुरू त्याचा आजा, आणि आज्याची नोंदणी कुठेच झालेली नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: आदिवासींच्या रक्तातच कला असते, त्यांना काय शिकवायचं! हे ऐकलं की राग येतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यामागे आयुष्यभराची मेहनत होती. रक्ताच्या नावावर ती खपवणं म्हणजे शिक्षक न देण्याची सोय. याच समजुतीतून शाळेच्या भिंतीला गेरू फासून त्यावर पांढऱ्या रेषांत तारपा नाच काढला जातो, की झाली ‘स्थानिक कला’. वारली चित्रांचं माहेर डहाणू, तलासरी, जव्हारकडे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी मोठ्या संख्येने राहतात. त्यांचं गाणं, त्यांचा कांबडनाच या भिंतीवर कुठे आहे? शिवाय भिंत रंगवतो बाहेरून आणलेला पेंटर. मुलाच्या हाती ब्रश येतच नाही. आणि त्याला जलरंग, हार्मोनियम, नाटक हेही मिळायला हवं. ढोल येतो म्हणून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा रस्ता त्याला बंद असू नये.

कातकरी मुलांची तर वेगळीच परवड. भातकापणी उरकून दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत. वर्षातून एकदा स्टेजवर उभं राहायची संधी येते, तेव्हा ही पोर भट्टीवर धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली असते. संमेलन भाद्रपदात, गौरी-गणपतीच्या आसपास घेतलं तर कुठला नियम मोडतो?

‘आधी वाचता येऊ दे, मग चित्रं’ असं म्हणणाऱ्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम आठवावं. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं हे काम १९५७मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तो मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला २०१४ला. मुलं शाळेत येईनात तर गुरं चारायच्या जागी कुरणशाळा भरवली. बिया, पानं, माती, गाणी यांच्या वाटेनेच तिथली मुलं अक्षरांपर्यंत पोचली.

आणि पैशाची सबब तर सांगूच नये. शहापूर तालुक्यातला तानसा १८९२पासून मुंबईला पाणी देतो, पुढे भातसाही आला. ज्या महापालिकेला हे पाणी जातं, तिच्या शाळांसाठी चित्रकला आणि संगीताचे स्वतंत्र विभाग आहेत. सरकारी शाळेत कला शिकवता येते, याचा पुरावा त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

जिल्हा परिषदेच्या दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र होतं. पट शाळेचा न धरता केंद्राचा धरा. शंभरचा आकडा सहज मागे पडेल. केंद्राला एक पूर्णवेळ कलाशिक्षक, ठरलेला वार ठरलेल्या शाळेला, आणि प्रवासभत्ता वेळेवर. २०२३मध्ये राज्याने कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा विचार पुढे आणला. आषाढात ओढे भरून वाहत असताना मुलांना लांबच्या शाळेत नेण्यापेक्षा एक शिक्षक मोटारसायकलवरून फिरवणं केव्हाही बरं.

दुसरा शिक्षक गावातलाच. मुरबाडच्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन आज्या शिकायला बसल्या. मग याच तालुक्यात आज्यांनी गाणी शिकवायला वर्गात येणं अवघड का असावं? मात्र शाल-नारळावर त्यांची बोळवण नको. दर तासाचं मानधन आणि शाळेच्या दफ्तरात निदेशक म्हणून नाव हवं. शहापूर तालुका सगळा अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भाग. पेसा या अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना २०१५पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. शिक्षणावर तो खर्च करता येतो आणि कशावर करायचा हे ग्रामसभा ठरवते. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेतला, तर जूनमध्ये शाळा उघडताना ढोल शिकवणारा आजा वर्गात असेल, आणि भट्टीवर जाणाऱ्या मुलांच्या वाट्याला दिवाळीआधीचे चार-पाच महिने तरी येतील.