पाहुण्याचे ताट ही अमानत आहे



आषाढवारीत टाळ-मृदंगाच्या साथीने अभंग गात चालणाऱ्या एकेका दिंडीत शेकडो माणसे असतात. वाटेवरच्या गावांत अनेक मुस्लिम कुटुंबेही त्यांच्यासाठी पाणी, चहा, जेवण घेऊन उभी राहतात. अशा वेळी काही बांधव विचारतात, "आमचे अन्न हलाल आहे, स्वच्छ आहे. मग पाहुण्यांच्या रूढीप्रमाणे वेगळे का शिजवावे? त्यात आपल्या दीनचा कमीपणा नाही काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे शोधले पाहिजे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर एकदा घोरपडीसारख्या प्राण्याचे भाजलेले मांस आले. आपण हात आखडता घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले, हे हराम आहे काय? आपण सांगितले की हराम नाही, परंतु आपल्या लोकांच्या प्रदेशात ते नसते, म्हणून मन घेत नाही. हजरत खालिद (रजि.) यांनी ते आपल्यासमोरच खाल्ले. न खाणाऱ्याला कोणी आग्रह केला नाही, खाणाऱ्याला कोणी अडवले नाही. एखादे अन्न हलाल असणे वेगळे आणि ते प्रत्येकाच्या ताटात वाढलेच पाहिजे असे मानणे वेगळे.

येथे एक मर्यादा मात्र स्पष्ट असावी. अल्लाहने हलाल केलेले हराम ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मांसाहार पाप आहे असे आपण मानत नाही. पाहुण्याला तो वाढत नाही, इतकेच. त्याच्या उपासनेतही आपण सहभागी होत नाही. थकल्या-भुकेल्या वाटसरूला जेवू घालतो. जे धर्माच्या कारणावरून आपल्याशी लढले नाहीत, त्यांच्याशी सद्‌वर्तन व न्याय करण्यास पवित्र कुरआन (६०:८) मनाई करत नाही.

२९ जून २०२३ रोजी बकरी ईद व आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या. तेव्हा अनेक गावांतील मुस्लिमांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. १० जिलहिज्जानंतरही कुर्बानीचे दिवस शरीअतनेच ठेवले आहेत. कुर्बानी चुकली नाही आणि शेजाऱ्याचा मानही राहिला.

आता मुद्दा अमानतीचा. पाहुणा आपल्या शब्दावर विसंबून घास घेतो. भांडे मटणाचे असेल, तेल तेच असेल, आणि आपण "सगळे शाकाहारी आहे" असे सांगितले, तर ती खियानत आहे. त्याला ती कधी कळली नाही तरीही. म्हणून दिंडीच्या प्रमुखांना आधी विचारावे. अनेक माळकरी कांदा-लसूणही खात नाहीत. एकादशीला भात-पोळी चालत नाही, साबुदाणा किंवा भगर लागते. स्वयंपाकघराची खात्री नसेल तर कोरडा शिधा, केळी, गूळ-शेंगदाणे द्यावेत. कोणी आपल्या हातचे शिजवलेले नाकारले तरी राग धरू नये. परगावी गेल्यावर आपणही "हलाल आहे का?" असे विचारतोच, तेव्हा यजमानाने खरे सांगावे, एवढीच आपली अपेक्षा असते.

स्वतःसाठी जे आवडते तेच आपल्या भावासाठी आवडावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आपल्याला स्वतःसाठी काय आवडते? बिर्याणी नव्हे. आपल्या ताटाची मर्यादा दुसऱ्याने पाळावी, हे आवडते. तेच पाहुण्याला द्यावे.

अल्लाह आपल्या दस्तरखानात बरकत आणि जिभेत सचोटी देवो. आमीन.