चल, सोबत जाऊ

वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौकातून नागपूर, चंद्रपूर, हैदराबाद असे रस्ते फुटतात. आरोग्यशिक्षणासाठी निघालेल्या सोबत्यांच्या वाटाही कधी अशाच फुटतात. ठरल्या वेळी कोणी येत नाही, घरोघरी एकट्यालाच फिरावं लागतं. मन खट्टू होतं.

अशा वेळी आपल्याच जिल्ह्यातलं, वर्ध्यालगतचं सिंदी गाव आठवावं. १९३५ मध्ये गांधीजींचे सहकारी महादेवभाई देसाई आणि मीराबेन वर्ध्यातल्या मगनवाडीतून बादल्या घेऊन तिथे मैला उचलायला जात. गावकरी नुसते बघत राहत. तरी त्यांनी काम सोडलं नाही.

म्हणून रुसून बसू नका. आज सोबत्याच्या दारी जा, त्याची अडचण आधी ऐका आणि मग म्हणा, ‘चल, सोबत जाऊ.’