ढेकणांची लाज कसली?

डोंबिवली

चि. बाळास,


पहाटे पाठवलेला तुझा मेसेज उठल्याबरोबर वाचला. दिवा लावून खुर्चीत बसला आहेस, हातावर नि मानेवर गांध्या उठल्या आहेत, गादीच्या शिवणीत ढेकूण सापडले आहेत. आणि खाली एक ओळ: ‘बाबांना सांगू नकोस, इथे खोलीतही मी कोणाला बोललेलो नाही.’ त्या शेवटच्या ओळीने मला फार वाईट वाटलं. म्हणून फोनवर दोन वाक्यं बोलून न थांबता हे सविस्तर लिहिते आहे. अभ्यासातून वेळ काढून सगळं वाच.

तुला लाज वाटते आहे, हे मला कळतं. बाकीची मुलं म्हणतील, याच्याच बॅगेतून आले. मालक म्हणतील, तुम्ही मुलं घाणेरडी राहता. पण घाणीचा आणि ढेकणांचा संबंध लोक समजतात तसा नाही. ढेकणाला खरकटं लागत नाही, कचरा लागत नाही. त्याला हवं असतं झोपलेलं माणूस आणि जवळपास लपायला एखादी फट. या दोन गोष्टी राजवाड्यातही मिळतात. 2023 च्या शरदात पॅरिसमध्ये मेट्रो, आगगाड्या, सिनेमागृहं अशा सगळ्या ठिकाणच्या ढेकणांवरून केवढा गदारोळ उठला होता! पुढच्याच उन्हाळ्यात तिथे ऑलिंपिक भरायचं होतं. न्यूयॉर्कमध्ये तर 2010 पासून कायदाच आहे की घर भाड्याने देताना मागच्या वर्षभरात तिथे ढेकूण झाले होते का, हे मालकाने नव्या भाडेकरूला लेखी सांगायचं. मला हा कायदा फार शहाणा वाटतो. ढेकूण झाले म्हणून तो कोणाला शिक्षा करत नाही, फक्त लपवू देत नाही.

तुझी पेठेतली खोली डोळ्यांपुढे आण. कॉट बेसिसवर चार जण. एकाची परीक्षा झाली की तो गावी जातो, त्याच कॉटवर, त्याच गादीवर दुसरा येतो. गादी कोणी विकत घेतली, कोणी कोणाला देऊन टाकली, हे आता मालकालाही आठवत नसेल. अशा खोलीत ढेकूण कोणाबरोबर आले हे शोधण्यात काही अर्थ नाही. ढेकणाला पंख नसतात, त्याला उडीही मारता येत नाही. तो फक्त चालतो, नाहीतर सामानात बसून प्रवास करतो. कपड्यांच्या घडीत, बॅगेच्या चेनपाशी, पुस्तकाच्या पुठ्ठ्यात. कोणीतरी आणला असेल, तर नकळतच आणला असेल.

आमचं लहानपण डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत गेलं, हे तुला माहीत आहे. 160 चौरस फुटांची खोली. आमच्या मजल्यावर एक खोली गावकीची होती. कोकणातले गिरणी कामगार त्यात दाटीवाटीने राहायचे. रातपाळीचा माणूस सकाळी येऊन आडवा व्हायचा तेव्हा दिसपाळीचा नुकताच उठून गेलेला असायचा. अंथरूण थंड होतच नसे. ढेकणांना याहून सोयीची जागा कुठली? तेव्हा त्या खोलीत ढेकूण होते, आमच्यात होते, शेजारच्या मास्तरांकडेही होते. पण ते कोणी लपवलं नाही. कोणाकडे दिसले की तिथली बाई गॅलरीत उभी राहून सरळ सांगायची, ‘आमच्यात झालेत गं, तुम्ही पण बघा.’ मग येत्या रविवारी अख्खा मजला कामाला लागायचा. लोखंडी खाटा गॅलरीत यायच्या, स्टोवर पाण्याची पातेली चढायची, आणि खाटेच्या एकेका सांध्यात उकळतं पाणी ओतलं जायचं. वळकट्या उलगडून शिवण न् शिवण तपासायची. तो दिवस कष्टाचा असायचा, पण त्यात कोणाची मान खाली जात नसे. सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं कारणही होतं. एका खोलीत उपाय केला की उरलेले ढेकूण भिंतीच्या फटीतून शेजारी जातात. त्या बायकांना हे अनुभवाने ठाऊक होतं. आजचे कीटकशास्त्रज्ञ मोठ्या इमारतींना हेच सांगतात.

आता तुझ्या त्या रात्रीविषयी. तू लिहिलंस, ‘लाईट लावला की एकही दिसत नाही, बंद केला की चावतात.’ हा तुझ्या मनाचा खेळ नाही. दिवसभर ढेकूण फटीत एकमेकांना चिकटून बसतात. रात्री, विशेषतः पहाटेच्या आधी माणूस गाढ झोपतो तेव्हा, बाहेर पडतात. श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांवरून त्यांना माणूस सापडतो. रक्त प्यायला पाच ते दहा मिनिटं पुरतात, की ते परत फटीत. ते पिताना आपल्याला सहसा कळत नाही. त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, आणि खाज सुटते ती त्या लाळेमुळे, नंतर. कोणाला ती लगेच सुटते, कोणाला काही दिवसांनी, आणि काहींना मुळीच सुटत नाही. म्हणून तुझ्या शेजारच्या कॉटवरचा मुलगा ‘मला तर काही चावत नाही’ म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं समजू नकोस. त्याची कॉट स्वच्छ आहे असंही समजू नकोस. डासांमध्ये रक्त फक्त मादी पिते. ढेकणांमध्ये नर, मादी, पिल्लं, सगळीच पितात. पिल्लू पाच वेळा कात टाकून मोठं होतं आणि प्रत्येक कातीआधी त्याला पोटभर रक्त लागतं. गादीवर दिसतात ते काळे ठिपके त्यांच्या विष्ठेचे, आणि पातळ पिवळट टरफलं त्या कातींची. रात्री ढेकूण शोधण्यापेक्षा दिवसा हे ठिपके शोध, म्हणजे वस्ती कुठे आहे ते कळेल.

आजाराची भीती मात्र मनातून काढून टाक. ढेकणाच्या चावण्याने माणसाला एखादा रोग होतो असं आजवर दिसलेलं नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला भारतातच काही डॉक्टरांना काळा आजार ढेकणांमुळे पसरतो असा दाट संशय होता. पुष्कळ वर्षं त्यावर संशोधन झालं. शेवटी 1942 मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी दाखवून दिलं की तो एका जातीच्या वालुमाशीमुळे पसरतो. ढेकूण त्यातून सुटला. खाजवून जखम करू नकोस एवढं सांभाळ, थंड पाण्याची पट्टी ठेव, गांधी फारच सुजली तर डॉक्टरांना दाखव. पण आजार होत नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. रात्रीमागून रात्री झोप मोडली की माणूस चिडचिडा होतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही. ‘एवढ्याशा किड्याने काय होतंय’ असं जो म्हणेल त्याला त्या गादीवर एक रात्र झोपायला सांग.

औषधांचं मात्र फार जपून. पॉल म्युलरला 1939 मध्ये डीडीटीची कीटकनाशक शक्ती सापडली, 1948 साली त्याला नोबेल मिळालं, आणि ढेकूण आता संपलेच असं जगाला वाटलं. पण 1947 मध्येच हवाई बेटांवर डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांतल्या द्रव्यांनाही ते असेच सरावले आहेत. असा फवारा रात्री खोलीभर मारलास तर थोडे मरतील, बाकीचे शेजारच्या खोलीत पांगतील, आणि ते विष तुम्ही चौघं रात्रभर हुंगाल. गादीवर तर कधीच मारू नकोस.

आणि एक गोष्ट माझ्यासमोर बसला आहेस असं समजून ऐक. धान्याच्या गोदामात कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या गोळ्या ढेकणांवर रामबाण आहेत असं सांगून कोणी आणून देईल. हात लावू नकोस, खोलीत येऊ देऊ नकोस. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. दार बंद करून बाहेर गेलात तरी तो फटींतून शेजारच्या खोलीत जातो. आपल्या देशात या गोळ्यांनी झोपेत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. ढेकणांनी सहसा कोणाचा जीव जात नाही. रॉकेलही नको. आमच्या वेळी ओतायचे, आणि त्याने आगी लागायच्या.

करायचं ते उष्णतेने करा. साधारण 50 अंशांच्या वर ढेकूण आणि त्यांची अंडी टिकत नाहीत. चादरी, उशांचे अभ्रे, कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुवायला टाका. लाँड्रीवाल्याला आधी सांगा, आणि सगळं बंद पिशवीतून न्या. कॉट लोखंडी असेल तर सांध्यांत, बोल्टांच्या भोकांत उकळतं पाणी ओता. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. जुनी कापसाची गादी सरळ टाकून द्या, पण आधी फाडून, म्हणजे दुसरा कोणी उचलून नेणार नाही. कॉट भिंतीपासून हातभर पुढे ओढा, चादर जमिनीला लोंबू देऊ नका, चारी पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवा. उष्ण प्रदेशातला आपला ढेकूण गुळगुळीत प्लास्टिकवरही चढतो, म्हणून वाटीत पाणी हवंच. बाल्कन देशांत पूर्वी घेवड्याची पानं कॉटभोवती पसरून ठेवायचे. पानांवरच्या बारीक आकड्यांत ढेकणांचे पाय अडकायचे, आणि सकाळी पानं जाळून टाकायची. किती डोळस होती ती माणसं! तुला पेठेत इतकी पानं कुठून मिळणार, पण वाचलं तेव्हा मला आमच्या मजल्यावरच्या बायका आठवल्या.

अंडी फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून पहिल्या सफाईनंतर दोन आठवड्यांनी सगळं पुन्हा करायचं, आणि मध्ये कितीही कंटाळा आला तरी दुसऱ्याच्या खोलीत झोपायला जायचं नाही. तू गेलास की ढेकूणही तुझ्या उशीबरोबर जातात. एवढं करूनही उरले, तर परवाना असलेल्या माणसाकडून फवारणी करून घ्या, आणि ती सगळ्या खोल्यांत एकाच वेळी.

पंचतंत्रात मंदविसर्पिणी नावाची एक ऊ आहे. ती राजाच्या शुभ्र बिछान्यात कधीपासून शांतपणे राहत असते. तिथे अग्निमुख नावाचा ढेकूण येतो, गयावया करतो, आणि राजा झोपायच्या आतच त्याला चावतो. राजा उठतो, नोकर दिवे घेऊन शोधतात. ढेकूण पलंगाच्या फटीत जातो, आणि शिवणीत सापडलेली ऊ मारली जाते. तुझ्या खोलीत उद्या हेच होईल याची मला भीती वाटते. कोणी बोललं नाही, तर एके दिवशी ढेकूण दिसतील आणि बोट दाखवलं जाईल ते सगळ्यात शेवटी आलेल्या मुलाकडे, नाहीतर ज्याचे कपडे जुने आहेत त्याच्याकडे. तो तू नसशीलही, दुसरा कोणी असेल. तू गप्प राहिलास म्हणून त्याने ते का सोसावं?

म्हणून आज संध्याकाळी अभ्यासिकेतून आलास की तिघांना बसवून सांग. ‘माझ्या कॉटवर ढेकूण आहेत, तुमच्याही बघू या’ एवढं वाक्य पुरे. मग चौघे मिळून मालकांकडे जा आणि शेजारच्या खोल्यांनाही कळवा. मालकांनी डिपॉझिट कापायची भाषा केली तर मला फोन कर, मी बोलेन. तुझ्या बाबाला मी आज सांगणार आहे. तोही त्याच चाळीत वाढला आहे, तो रागावणार नाही. लाँड्रीचे नि नव्या गादीचे पैसे पाठवते, ते पुस्तकांवर खर्च करू नकोस. गणपतीत इकडे येशील तेव्हा बॅग बाहेरच्या गॅलरीत ठेव, कपडे मी आल्या आल्या गरम पाण्यात टाकते. ढेकूण गेले नसले तरी ये.

तुझी,
आत्या