नोकरीचा पोशाख आणि श्रद्धा

राज्य निधर्मी असावे, हे मान्य केले तरी ही निधर्मिता नोकरदार स्त्रीच्या कपड्यांवर मोजावी का, हा प्रश्न जर्मनीत अनेक वर्षे कोर्टात गाजला. हिजाब सोडायला तयार नसल्याने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने फेरेश्ता लुदिन यांना शिक्षिकेची नोकरी नाकारली. कायद्याचा आधार नसताना अशी बंदी घालता येत नाही, असे कार्ल्सरूहे येथील जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००३ मध्ये ठरवले. मग काही राज्यांनी बंदीचे कायदेच केले, काहींनी त्यात ख्रिस्ती परंपरेला सवलतही ठेवली. ही उघड विषमता होती. २०१५ मध्ये न्यायालयाने शिक्षिकांवरील सरसकट बंदी आणि ही सवलत, दोन्ही अमान्य केली.

न्यायदानाचे मात्र वेगळे. हेसेन राज्यातील हिजाब घालणाऱ्या प्रशिक्षणार्थी वकील स्त्रीला सुनावणीच्या वेळी न्यायाधीशांजवळ बसता येत नसे. प्रेक्षकांत बसून कामकाज पाहावे लागे. २०२० मध्ये ही बंदी वैध ठरली. पक्षकाराला समोरचे न्यायासन तटस्थ दिसले पाहिजे, हा युक्तिवाद वजनदार आहे. तरीही निःपक्षपात निकालपत्रातून तपासता येतो. डोक्यावरच्या कापडावरून तो ठरवणे अन्यायाचे आहे.