गोळी कोणती, हे विचारणार कोण?

लिंगबदलासाठी संप्रेरकं घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "हे घेऊन मरशील." आई म्हणते, शेजारी म्हणतात आणि कित्येकदा डॉक्टरही एवढंच बोलून पुढच्या पेशंटला आत बोलावतात. कोणतं औषध, किती, तोंडावाटे की कातडीवाटे, वय काय, सिगारेट ओढतेस का, हे कुणी विचारत नाही. धोका किती याचं उत्तर मात्र याच प्रश्नांत असतं.

ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयात १९७२ पासूनच्या पारलिंगी रुग्णांच्या नोंदी आहेत. तिथे पारलिंगी स्त्रियांना पूर्वी रोज १०० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल देत. हे कृत्रिम इस्ट्रोजेन यकृतात सहजी मोडत नाही आणि रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवतं. पायाच्या शिरेत गुठळी होते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. २०११ साली या नोंदींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे औषध चालू असलेल्या स्त्रियांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारानं मृत्यूचा धोका तिप्पट आढळला. तोवर तिथल्या डॉक्टरांनी ते सोडून शरीर स्वतः बनवतं तेच इस्ट्राडिऑल द्यायला सुरुवात केली होती, चाळिशी उलटलेल्यांना तर कातडीवर चिकटवायच्या पट्टीतून. पुढे २०२१ मध्ये पाच दशकांतल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पारलिंगी लोकांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्तच निघालं, पण कारणं होती हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग, एचआयव्ही आणि आत्महत्या. त्याचं खापर संप्रेरकांवर फोडता येईल असा पुरावा हाती आला नाही.

ॲमस्टरडॅमनं सोडून दिलेलं ते एथिनिल इस्ट्राडिऑल आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं. माला-डीच्या एका गोळीत ते ३० मायक्रोग्रॅम असतं. गर्भनिरोधक म्हणून रोज एक गोळी बहुतेक निरोगी तरुण बायकांना सोसते. पण छाती लवकर भरावी म्हणून एखादी पोर गुरूच्या किंवा मैत्रिणीच्या सांगण्यावरून दिवसाला तीन-चार गोळ्या घेते, तेव्हा ती नेमक्या त्या जुन्या डोसवर येऊन पोहोचते. आणि हाती काय लागतं? छातीची वाढ दोन-तीन वर्षं चालते. जास्त गोळ्यांनी ती लवकर होत नाही. दाढी या गोळ्यांनी जात नाही, फुटलेला आवाज बारीक होत नाही. हे तिला कुणी आधी सांगितलंच नाही, याचा मला राग येतो. "मरशील" म्हणणाऱ्यांनी तिला वाचवलं नाही. तिला डॉक्टरपासून दूर नेऊन मेडिकलच्या काउंटरवर उभं केलं.

उलट टोकाचा गैरसमजही तितकाच घातक आहे. निर्वाण झालं, म्हणजे अंडकोष काढून टाकले, की आता गोळ्यांची गरज संपली असं अनेकींना वाटतं. प्रत्यक्षात तेव्हाच ती वाढते. शरीराला टेस्टोस्टेरॉन नाही आणि इस्ट्रोजेनही नाही, अशी अवस्था वर्षानुवर्षं राहिली तर हाडं ठिसूळ होतात. रजोनिवृत्तीनंतर बायकांच्या हाडांचं जे होतं, ते इथे ऐन विशीत सुरू होतं. संप्रेरकाची भीती घालणाऱ्यांपैकी कुणी या हाडांबद्दल बोलताना मी ऐकलेलं नाही.

आणखीही गैरसमज आहेत. एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, आणि संप्रेरकं एकत्र चालत नाहीत, या समजापायी काही जणी एआरटी सोडतात. सरकारी केंद्रांवर आता दिल्या जाणाऱ्या डोल्युटेग्राविरच्या गोळीचा इस्ट्राडिऑलशी असा झगडा नाही. पारलिंगी पुरुषांना वाटतं की टेस्टोस्टेरॉननं पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही. पण तो राहू शकतो. खरे धोकेही लपवू नयेत. टेस्टोस्टेरॉननं रक्तातल्या लाल पेशी वाढून रक्त दाट होऊ शकतं. टेस्टोस्टेरॉन रोखणारं सायप्रोटेरॉन मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतलं तर मेंदूच्या आवरणावर गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून युरोपीय औषध नियामकानं २०२० साली त्याच्या वापरावर मर्यादा आणल्या. खोल गेलेला आवाज किंवा वाढलेली छाती औषध थांबवून मागे फिरत नाही. मूल हवं असेल तर बीज साठवण्याचं बोलणं पहिल्या गोळीआधी व्हायला हवं.

पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्यातल्या पंधराव्या कलमात सरकारनं संप्रेरक उपचारांची जबाबदारी घेतली. तरी २०२१ पासून हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात उभी राहिलेली पारलिंगी लोकांसाठीची 'मित्र' क्लिनिक अमेरिकेच्या पैशावर चालत होती, आणि २०२५ च्या सुरुवातीला तो निधी थांबताच ती बंद पडली. हैदराबादचं पुढे दुसऱ्या मदतीनं सुरू झालं. कल्याण-पुण्याच्या पेशंटांनी जायचं कुठे, हा प्रश्न वॉशिंग्टनचा नाही, मुंबईतल्या मंत्रालयाचा आहे.

खरं तर उपचार सुरू झाल्यावर देखरेखीसाठी लागतं ते फार नाही. रक्तदाब, सीबीसी, लिव्हर, लिपिड, टेस्टोस्टेरॉन रोखण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम, या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्ये रोज होतात. संप्रेरकांची पातळी तपासायला नमुना शहरात पाठवता येतो. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एक-दोनदा.