सावलीत वाळू दे

रोहा, ज्येष्ठ महिना



काल फोनवर तू विचारलंस, "आजोबा, बाबा कारखान्यात कधी बसायला लागतील?" आणि मागून तुझी आई म्हणाली, "आधी जिना तरी उतरू देत." मी तेव्हा नुसतं "बघू" म्हणालो, कारण हे सावकाश सांगायचं होतं, आणि सावकाश सांगायचं असलं की मला अजून कागदच लागतो.

तू पहाटे उठतोस, बाबांना कोमट पाणी देतोस, गोळ्यांची डबी पुढे करतोस, मग गणपतींच्या कारखान्यात जाऊन कारागिरांबरोबर उभा राहतोस, हे सगळं आई मला सांगते. त्याचं मला नवल वाटलं नाही. तू असाच आहेस. काळजी वाटते ती फक्त तुझ्या घाईची. गणपती तोंडावर आले, माल रंगात जायचा, हमरापूर-जोह्याकडच्या कारखान्यांच्या गाड्या भरायला लागल्या, आणि तुला वाटतं बाबा उठले की सगळं मार्गी लागेल.

बाबांची बायपास झाली आहे, हे विसरू नकोस. बायपास करताना छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि काम झालं की पोलादी तारेने बांधून टाकतात. वरचे टाके दोन-तीन आठवड्यांत सुकतात, व्रण नीट दिसायला लागतो, आणि घरचे नेमके तिथे फसतात. आतलं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं पक्कं व्हायला तीन महिन्यांच्या आसपास. तू तर मूर्तिकाराच्या घरातला. शाडूची ओली मूर्ती लवकर वाळावी म्हणून कोणी उन्हात ठेवली, तर ती वरून वाळते, आत ओल राहते आणि तडा जातो; म्हणून तुझे बाबा ती सावलीत ठेवतात आणि गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी हलवत नाहीत. त्यांची छाती आता तशी सावलीत ठेवायची आहे.

म्हणून शाडूची मूर्ती उचलणं तर सोडच, पाण्याने भरलेली कळशीसुद्धा त्यांच्या हातात देऊ नकोस. पलंगावरून उठताना त्यांनी हातांवर जोर द्यायचा नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग उठून बसायचं. आणि तू प्रेमाने त्यांचे दोन्ही हात धरून ओढशील ना, ते मात्र करू नकोस. पाठीला, खांद्यांच्या मध्ये, तळहात लाव आणि त्यांच्या गतीने वर येऊ दे. खोकला आला की लहान उशी छातीशी घट्ट धरायला सांग. माझ्या बायपासच्या वेळी तुझी आजी ती उशी सतत माझ्या हाताशी ठेवायची, मी सोप्यावर गेलो तर सोप्यावर, ओटीवर गेलो तर ओटीवर. मला खोकल्याची भीती वाटते हे तिला न सांगता कळलं होतं. कारखान्यात घासकाम चालतं, पॉलिश पेपरची धूळ उडते, ती त्यांच्या श्वासात जायला नको. डॉक्टर हो म्हणाले की डोळ्यांची आखणी त्यांना बसल्या जागी, हात टेकवून करता येईल. पण ते डॉक्टर ठरवतील, तू नाही आणि ते स्वतः तर नाहीच नाही.

आता याचा अर्थ त्यांना निजवून ठेवायचं असा नाही हो. पूर्वी हृदयविकाराचा झटका आला की माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवायचे. १९५२ साली बोस्टनच्या लिवाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना खुर्चीत बसवून दाखवलं की त्याने बरंच होतं. म्हणून बाबांनी चालायचं, रोज चालायचं. आधी ओटीवर, चार दिवसांनी अंगणात, मग आळीच्या टोकापर्यंत. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर थांबायचं. पहाटेची वेळ धर, ऊन नसतं आणि रस्त्यात गाठून विचारपूस करणारेही अजून उठलेले नसतात. मी कुंडलिकेच्या काठाने असाच चालायला लागलो, आणि मला लवकर उठायची सवय होती म्हणून ते जमलं.

मधेच ते चिडतील, एखाद्या संध्याकाळी उगाच डोळ्यांत पाणी येईल, जेवणाची चव लागणार नाही. मोठ्या ऑपरेशननंतर पुष्कळांचं असं होतं. समजावत बसू नकोस, नुसता जवळ बस. पंधरवडा उलटला तरी मन वर आलंच नाही, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल.

मिठाचं मात्र बघ. पेणचे पोह्याचे पापड, सुकट, बोंबील, लोणचं, सगळं आपल्या जिभेवरचं, आणि सगळ्यात मीठ. ते त्यांच्यापुढे ठेवून "खाऊ नका" म्हणण्यापेक्षा सध्या घरातच आणू नका. त्यात पैसेही वाचतील. एक वही कर: रोज उठल्यावर, चहाच्या आधी, वजन लिहायचं, गोळ्या कधी संपतात तेही लिहायचं, म्हणजे आयत्या वेळी धावपळ नाही. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोच्या आसपास वाढलं, पाय सुजले, ताप आला, जखमेतून पाणी आलं, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. छातीत दुखून घाम फुटला किंवा श्वास लागला, तर १०८. तिथे बाळा खुशाल घाई कर.

पैशांचं तुला टोचतं, मला ठाऊक आहे. २०१२ साली उपचारांच्या खर्चासाठी राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आता ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. तुमचे कागद तिच्यात बसले, तर फाइल जपून ठेव, एकही चिठ्ठी टाकू नकोस. बाकी जे राहील त्याची चिंता मोठ्यांवर सोड.

आणि कारखाना थांबेल ही भीती काढून टाक. २००९ च्या जानेवारीत तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांची दुसरी बायपास झाली, मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडांनी दिल्लीला जाऊन केली. त्या २६ जानेवारीच्या संचलनाला पंतप्रधान नव्हते, फेब्रुवारीतला अर्थसंकल्प प्रणव मुखर्जींनी मांडला, आणि मे महिन्यात मनमोहन सिंगच पुन्हा पंतप्रधान झाले. देशाचं चाललं, तर आपल्या शेडचं का चालणार नाही? यंदा नग थोडे कमी घ्या. ज्यांना शब्द दिलाय त्यांना आत्ताच फोन करून सांग, ऐन वेळी नको.

आईला दुपारी तासभर झोपू दे, तेवढा वेळ तू बाबांजवळ बस. भेटायला येणाऱ्यांना ओटीवरूनच पाणी देऊन, गोड बोलून परत लाव. त्यांना राग येणार नाही.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येतो, रस्त्याने नको, खड्ड्यांनी माझीच हाडं निखळतील. वरच्या मजल्यावरचा पलंग तोवर खाली माजघरात लावून ठेव, म्हणजे जिन्याचा प्रश्नच मिटेल. येताना गावठी तांदूळ आणतो. आजीने तुझ्यासाठी वेगळं काही बांधलंय, ते मला सांगायची परवानगी नाही.

तुझे,
रोह्याचे आजोबा